वजीरचे बारा पॅड

पुनावळ्याच्या पुलाखाली वजीरची गाडी घसरली आणि त्याचं उजवं मनगट मोडलं, हे गोरक्षला सकाळी पहिल्या शिफ्टला कळलं. त्याला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. पण ते वाईट वाटणं बूड टेकतं न टेकतं तोच त्याच्या मागे दुसरा विचार येऊन उभा राहिला: आज डिसेंबरची दोन तारीख. त्या दुसऱ्या विचाराची त्याला लाज वाटली. तो भिंतीकडे तोंड करून उगाच हातमोजे झटकत राहिला, आणि झटकता झटकता आपल्याकडे थंडीचे कपडे काय काय आहेत ते आठवू लागला.

दोघे एकाच वर्षी, एकाच महिन्यात भोसरीच्या त्या वर्कशॉपात लागले होते. गोरक्ष कुरुळीचा, शेतकऱ्याच्या घरातला. अर्धी जमीन कारखान्यांच्या पत्र्याखाली गेल्यावर त्याने हातात पान्हा धरला. वजीर चिखलीचा. त्याच्या बापाचं गॅरेज होतं, त्यामुळे पान्हा त्याने दुधाच्या दातांबरोबरच धरला असणार. मारुतराव मिस्त्रींनी दोघांना एका टेबलाशी उभं करून काम शिकवलं. एकदा त्यांनी दोघांचं काम शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "गोरक्षाचं काम बरोबर असतं. वजीरचं चांगलं असतं." मारुतराव जाऊन आता कैक वर्षं झाली. पण ते वाक्य गोरक्षच्या पायात बाभळीच्या काट्यासारखं आत मोडून बसलं होतं. वरून दिसत नसे. पाऊल टेकलं की कळे.

वर्कशॉपात पाण्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचे पॅड तयार होत. पॅड म्हणजे जेवायच्या पाटाएवढा जाड पोलादी तुकडा, त्यावर मऊ पांढऱ्या धातूचा लेप. असे बारा पॅड गोलात मांडले की शेकडो टनांचं फिरतं यंत्र त्यांच्यावर, तेलाच्या एका पातळ पडद्यावर तरंगतं. लेप मशीनवर कितीही नीट कापला तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो. सपाट लोखंडी पाटाला निळी शाई लावायची, पॅड त्यावर घासायचा. जिथे उंचवटा तिथे निळं लागतं. तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा शाई, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. असं करत करत निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटले की काम झालं. हे काम येणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि अक्षरावरून माणूस ओळखावा तसा पॅडवरून कारागीर ओळखता येतो. गोरक्षचे स्क्रेपरचे फटके आखीव, वाफे पाडल्यासारखे. वजीरचे तिरके, वाऱ्याने एका अंगाला कललेल्या गव्हासारखे.

हिवाळ्यात डोंगरातलं पाणी वरच्यावर गोठतं, नद्या बारीक होतात. तेव्हा तिकडची वीजकेंद्रं एकेक यंत्र थांबवून उघडतात. दरवर्षी नोव्हेंबरात हिमाचलातल्या एका केंद्राचं पत्र येई आणि त्यात माणसाचं नाव लिहिलेलं असे: श्री. वजीर यांना पाठवावे. पत्र ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागे. एकोणीस हिवाळे ते तसंच लागलं. गोरक्षला पैसा नको होता, बढती नको होती. त्या पत्रात एकदा आपलं नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. वर्षाराणीला ते न सांगताच माहीत होतं.

वजीर जानेवारीत परत येई तेव्हा नाक सोललेलं, ओठ फाटलेले आणि पिशवीत आक्रोड. वर्कशॉपात सगळ्यांना मूठमूठ वाटी. गोरक्ष आपली मूठ घरी नेई, पण कुणी दिली ते सांगत नसे. चहाच्या सुट्टीत वजीर तिकडच्या गोष्टी काढी: जिन्याच्या कठड्याला कसा बर्फ धरतो, गोठलेल्या तेलाला कसं मनवावं लागतं, कुठल्या पॅडने कसा त्रास दिला. माणसं घोळका करून ऐकत. गोरक्ष तेवढ्यात उठून हात धुवायला जाई. वजीर तिकडून मोबाइलच्या स्टेटसवर फोटो टाकी. ते गोरक्ष वर्षाराणीच्या फोनवरून बघे, म्हणजे आपण पाहिल्याचं वजीरला कळू नये.

"आवो, तुमच्या फोनला काय धाड भरलीय?" ती एकदा म्हणाली. "आन् बघायचंच हाय तर उघड बघा की. बरफ काय वजीरभावजींच्या बापाचा हाय?"

वजीरची मुलगी हीना हिंजवडीत आयटी कंपनीत कामाला लागली, मारुंजीला खोली घेऊन राहू लागली, तेव्हा पुढच्याच वर्षी गोरक्षने आपल्या मुलीला, उत्कर्षाला, ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं. तिला इतिहास शिकायचा होता. त्या हीनाकडूनच परत येताना वजीरची गाडी घसरली होती.

दुपारी जयमाला मॅडमनी गोरक्षला आत बोलावलं. वडिलांच्या मागे वर्कशॉप त्याच बघत. "गोरक्षभाऊ, पत्र तर वजीरभाईंच्या नावाचं आलंय," त्या म्हणाल्या. "पण आता तुम्हालाच जावं लागेल. जमेल ना?"

"बघतो," गोरक्ष म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी तो रीत म्हणून चिखलीला गेला. वजीर हात गळ्यात बांधून दिवाणावर बसला होता. त्याच्या बायकोने, ताजुन्निसाने, चहा दिला आणि आतून एक जाडजूड कोट आणला. "हा घेऊन जा भाऊ. तिकडं लई थंडी असते. ह्यांचा हाये, तुम्हाला बरोबर बसंल."

"माझ्याकडं आहे वहिनी," गोरक्ष म्हणाला. त्याच्याकडे नव्हता.

"बस जरा," वजीर म्हणाला. "तिकडचे पॅड वेगळे आहेत राव. दोन गोष्टी सांगतो."

"चोवीस वर्षं हेच करतोय वजीर. तू हाताला आराम दे."

"तसं नाही रे, मधल्या—"

"गाडी लावलीये रस्त्यात. कुणी उचलून नेईल," गोरक्ष म्हणाला, आणि चहा अर्धा ठेवून उठला. जाताना त्याने पिंपरीच्या बाजारातून वजीरच्या कोटापेक्षा जाड दिसणारा कोट घेतला.

रेल्वेने चंदीगड, तिथून बस, मग जीप. दरी अरुंद होत गेली, नदी खाली हिरवट काचेच्या तुकड्यासारखी दिसू लागली. गोरक्षने एवढं उंच काही पाहिलं नव्हतं. उन्हात डोंगरांची टोकं पेटल्यासारखी दिसत आणि सावलीत दगडसुद्धा आखडून बसलेले वाटत. ते बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यामागोमाग आलेला विचार असा होता, की वजीरने हे एकोणीस वेळा पाहिलं.

वीजकेंद्राच्या फाटकावरच्या चौकीदाराने कागद पाहिला, मग चेहरा पाहिला. "वजीरभाई नहीं आए?"

खानावळीतल्या आचाऱ्याने ताट पुढे करत विचारलं, "वजीरभाई ठीक हैं ना?" क्रेन चालवणाऱ्याने वरून ओरडून विचारलं. केंद्राचे इंजिनिअर नेगीसाहेब, सावकाश बोलणारा आणि सतत हात चोळणारा माणूस, त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकली, मनगट कुठल्या बाजूने मोडलं तेही विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "चलो, आप भी तो उन्हीं के साथ के हैं."

उन्हीं के साथ के. गोरक्षने ते शब्द दोन घासांबरोबर गिळले, तरी खाली उतरेनात.

तिसऱ्या दिवशी पॅड बाहेर काढून पुसले. बारा. सहा वर्षांपूर्वी वजीरनेच केलेले. तेलाखाली सहा वर्षं राहूनही फटके दिसत होते, तिरके, एका अंगाला कललेले. गोरक्षने पहिल्या पॅडवरून बोट फिरवलं. घरी यायच्या आधीच घरमालक आत बसलेला दिसावा, तसं त्याला झालं.

मग त्याने पाटाला शाई लावली आणि पॅड घासून उलटा केला. कडांना निळे ठिपके छान उमटले होते. मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, काहीच नव्हतं. त्याने दुसरा पॅड घेतला, तिसरा घेतला. बाराच्या बारा पॅड मध्यभागी कोरे. म्हणजे मधे खोल. म्हणजे टेकतच नव्हते.

गोरक्ष क्षणभर तसाच उकिडवा बसून राहिला. चोवीस वर्षांत आतून इतकं गरम त्याला कधी वाटलं नव्हतं. कामाची चूक, तीही शिकाऊ माणसाची, आणि ती वजीरची.

"साहेब, ये देखिए. बीच में खाली है सब," तो नेगीसाहेबांना म्हणाला.

नेगीसाहेबांनी चष्मा वर केला. "वजीरभाई ने ऐसे ही रखा था शायद. छह साल बावन डिग्री पर चली है मशीन. एक बार उनको फोन कर लें?"

"ज़रूरत नहीं. फुल कॉन्टॅक्ट चाहिए, ये तो पहला सबक है."

पाच दिवस तो वाकून कडा उतरवत राहिला. बोटं सुन्न पडली की हीटरसमोर धरी, पुन्हा स्क्रेपर उचली. एकेका पॅडवरून कललेले फटके जात होते आणि त्याचे आखीव फटके येत होते. बाराव्या पॅडवर कडेपासून कडेपर्यंत निळे ठिपके सारखे उमटले, जसे मारुतरावांनी शिकवले होते. त्याने दोन फोटो काढले, एक आधीचा कोरा, एक आताचा भरलेला, आणि वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: 'आधी' आणि 'नंतर'. नाव कुणाचंच लिहिलं नाही. ग्रुपवर सगळे होते, वजीरही होता.

दहा मिनिटांत वजीरचा फोन आला. गोरक्षने वाजू दिला. संध्याकाळी परत आला, सकाळी परत. दर खेपेला गोरक्ष फोन पालथा ठेवी आणि त्याला बरं वाटे. लागलं म्हणायचं, असं तो मनाशी म्हणाला.

पॅड बसले, तेल भरलं, पाणी सोडलं. यंत्र घरघरत उठलं आणि हळूहळू वेगाला लागलं. नेगीसाहेब आणि गोरक्ष तापमानाच्या आकड्यासमोर उभे राहिले. चाळीस. अठ्ठेचाळीस. बावन्नला आकडा थांबेल असं दोघांनाही वाटलं. तो थांबला नाही. सत्तावन्न झाले, एकसष्ट झाले. नेगीसाहेबांनी हात चोळायचे थांबवले. सहासष्टवर त्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं. मोठं यंत्र थांबायला बराच वेळ घेतं.

"पुराने काम में ही कुछ खराबी थी क्या?" शेवटी नेगीसाहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता कागद पुढे सरकवावा तसं ते बोलले. "आपने तो पहले ही कहा था, बीच में खाली है. रिपोर्ट देनी है मुझे. आप कहो तो वैसा लिख देता हूँ."

उत्तर गोरक्षच्या जिभेवर तयार होतं. लेप जुना, मधे आधीच खोल केलेला, धातू सुटला असणार. कोण तपासणार? वजीर दोन हजार किलोमीटर लांब, हात गळ्यात. असं लिहिलं गेलं की पुढच्या नोव्हेंबरच्या पत्रात वजीरचं नाव असणार नाही, आणि फळ्यावर दुसरं कुठलंतरी नाव लागेल.

"थोड़ा सोचके बताता हूँ," म्हणून तो बाहेरच्या सज्जात आला. समोर नदी होती. काठाकाठाने गोठलेली, मधून वाहती. तो तिच्याकडे बघत राहिला, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. त्याला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची: की नेगीसाहेबांना त्याने काहीही सांगितलं तरी आपल्याला स्वतःला माहीत आहे. कडा आपण उतरवल्या. त्याने फोन काढला.

"किती गेलं?" वजीरने विचारलं. हॅलो नाही, काही नाही.

"सहासष्ट."

"वेळेत थांबवलं ना?"

"थांबवलं."

"मग काही जळालं नाही. काढून बघ. मधोमध घासून चकाकत असेल, रुपयाएवढं."

"तुला काय माहीत?"

"मी पहिल्या वर्षी असेच बारा घालवलेत राव. तिथल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने कान धरून शिकवलं." वजीरने फोन डाव्या हातात नीट धरला असावा, आवाज जवळ आला. "भाकरी थापली की सपाट असते ना? आच लागली की मधे फुगते. तसंच आहे हे. कडेला तेल गार, मधे तापतं, वरून एवढं वजन. मधे फुगायला जागा ठेवायची. केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, जास्त नाही. आपल्याकडचे पॅड लहान, त्यांना लागत नाही. तिकडच्यांना लागतं."

"हे तू कधी बोलला नाहीस."

"कुणाला बोलू? मी तोंड उघडलं की तू हात धुवायला. एकोणीस वर्षं नुसते हात स्वच्छ करत होतास भावा."

गोरक्षने आपल्या शाईने निळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं.

"फोन का नाही उचललास?"

"वाटलं, फोटो बघून चिडलास."

"चिडलोच होतो. पहिला फोन शिव्या द्यायलाच केला होता," वजीर म्हणाला. "पुढचे दोन हे सांगायला."

गोरक्ष आत गेला. नेगीसाहेब रिपोर्टचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. "साहेब, पुराना काम सही था," तो म्हणाला. "गलती मेरी है. मुझे मालूम नहीं था, और मैंने पूछा नहीं."

नेगीसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "अच्छा किया बता दिया. पर लिखना तो पड़ेगा."

"लिखिए."

"और अगले साल की चिट्ठी..."

"मालूम है साहेब. वजीर का ही नाम डालिए."

पेन कागदावर चालू लागलं तेव्हा त्याने मान वळवली नाही. एवढं पाहायचंच, असं त्याने ठरवलं होतं. मग त्याने ग्रुप उघडला आणि आपल्याच दोन फोटोंखाली लिहिलं: जुनं बरोबर होतं. चूक माझी. जयमाला मॅडमनी 'ओके' लिहिलं. वजीरने उंचावलेला अंगठा पाठवला. शिवी पाठवली असती तर बरं झालं असतं.

पॅड पुन्हा बाहेर आले. मधोमध खरंच रुपयाएवढे चकाकते डाग होते. पुढचे सहा दिवस गोरक्षने जे सोसलं ते त्याने नंतर वर्षाराणीलाही धड सांगितलं नाही. केंद्रातला एक मदतनीस मोबाइल पॅडवर धरून उभा राही आणि वजीर चिखलीच्या दिवाणावरून बोले. "डावीकडे अजून एक हात. बस. बस म्हणतो ना. आता शाई लाव." मोठ्या दालनात आवाज घुमे. तो ऐकून क्रेनवाला खाली उतरून येई, आचारी हात पुसत येई. "वजीरभाई, कैसे हो? हाथ कैसा है?" सगळे फोनभोवती गोळा होत, हसत, वजीर तिकडून त्यांच्या पोराबाळांची नावं घेऊन चौकशी करी. गोरक्ष खाली उकिडवा बसून स्क्रेपर चालवत राही. कधी कधी फोन धरणारा बोलण्याच्या भरात फोन आपल्याकडे वळवी, मग पॅड कुणालाच दिसेना, आणि गोरक्षला मान वर करून म्हणावं लागे, "भाई, इधर. काम इधर है."

पण शेवटच्या दोन दिवसांत वजीरचं सांगणं कमी झालं. तो नुसता बघत बसे. एकदा म्हणाला, "हं." आणखी एकदा म्हणाला, "कडेला उतार कसा दिलास? परत दाखव." गोरक्षने परत दाखवला. "फटका आखीव आहे तुझा," वजीर म्हणाला, आणि मग म्हणाला, "ताजुन्निसा बोलावतेय, ठेवतो."

दुसऱ्यांदा पाणी सोडलं तेव्हा सगळे जमले होते. आकडा चाळीसला आला, पंचेचाळीसला आला, पन्नासला आला. तिथून पुढे तो इतका सावकाश सरकला की गोरक्षला आपला श्वास मोजता आला. एक्कावन्नवर आकडा थांबला, वजीरच्या बावन्नच्या एक खाली. पाव तास गेला, अर्धा तास गेला, तास गेला. एक्कावन्न. नेगीसाहेबांनी पुन्हा हात चोळायला सुरुवात केली, आणि क्रेनवाल्याने गोरक्षच्या पाठीवर अशी थाप मारली, की कोट जाड होता म्हणून निभावलं.

तो सज्जात आला आणि त्याने फोन लावला.

"थांबलं?" वजीरने विचारलं.

"थांबलं. दोन तास झाले."

"कितीवर?"

गोरक्षने उगाच एकदा नदीकडे पाहिलं. "एक्कावन्न," तो म्हणाला.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला. वजीर काही बोलेना. गोरक्षने फोन कानाला आणखी दाबून धरला. ही शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती. एकोणीस हिवाळे, दर जानेवारीत, ती त्याच्या स्वतःच्याच आत असायची. फक्त बाहेरून ती कशी ऐकू येते, ते त्याला माहीत नव्हतं.

"तेल नवीन घातलं असेल," शेवटी वजीर म्हणाला.

तेल जुनंच होतं, गाळून पुन्हा भरलेलं. गोरक्षने स्वतः उभं राहून भरून घेतलं होतं.

"असेल," तो म्हणाला.